सोळा बोल्टांची वाट

"मी सोळा बोल्ट काढले, दुसरं काय न्हाय केलं," धाकल्या एकदा म्हणाला होता.

हे तो एकदाच बोलला, एकाच बाईपुढे, धामणकर नाक्यामागच्या गल्लीतल्या एका घरात. त्याआधी अकरा महिने ते वाक्य त्याच्याजवळ होतं. काम करताना सुतार ओठांत खिळे धरतो आणि कुणी काही विचारलं तर नुसती मान हलवतो, तसा तो अकरा महिने वागला.

धाकल्याचं घर उंबरपाड्यात. पूर्णा मागे टाकून दापोड्याकडे निघालं की गोदामांची रांग लागते, निळ्या छपरांची, एकासारखं एक. त्या रांगेच्या पाठीमागे, रस्त्यावरून जाणाऱ्याची नजर पोचत नाही अशा जागी, हा पाडा. बारा-पंधरा घरं, एक हापसा, एक उंबर. धाकल्याचा बाप जिथे भात लावायचा तिथे आता बंद खोक्यांचे ढीग आहेत आणि खोक्यांत काय असतं ते पाड्यात कुणालाच ठाऊक नाही. पाड्यातली पोरं, बायका गोदामात लागल्या. धाकल्या गेला नाही. एकोणीस वर्षं तो रस्त्याच्या कडेला पत्रा बसवत होता.

पत्रा म्हणजे रस्त्याच्या काठाने जाणारा तो राखी कठडा, लांबीभर दोन लाटा पाडलेला. गाडीवाल्याचा डोळा लागला, टायर फुटला, कुत्रं आडवं आलं की गाडी त्याच्यावर जाते आणि तो तिला खाली पडू देत नाही. कुठे पत्रा चेपला की खलीलभाईंना फोन यायचा आणि टेम्पो निघायचा. खलीलभाई टोळीचे मुकादम. भिवंडीतले जुने कोकणी मुसलमान, साठीला टेकलेले, गालात कायम पान, सहा माणसांच्या टोळीला 'माझी फौज' म्हणणारे.

चेपलेला पत्रा धाकल्याला वाचता यायचा. अक्षर त्याला सहीपुरतंच येत होतं, पण टेम्पोतून उतरून तो आधी पत्र्यावरून तळहात फिरवायचा आणि मग बोलायचा.

"भरलेला टेम्पो होता, शेट. ब्रेक उशिरा लागला. पन माणसं वाचली."

"तू काय आत बसला होतास रे?"

"पोट लांब आलंय ना पत्र्याला. मार पसरून घेतला त्याने. आखूड नि खोल असतं तर दवाखान्याचं काम होतं."

"बरं, डॉक्टरसाहेब. आता नट आवळा, दुपार झाली."

खलीलभाई हसायचे, पण कधी त्याचं म्हणणं खोटं ठरलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. पत्रा वाकतो तेव्हा तो माणसाच्या वाटणीचं वाकणं स्वतःवर घेतो, एवढं धाकल्याला हाताने कळलं होतं. नवा कोरा पत्रा चढवला की जुना, चुरगळलेला पत्रा टेम्पोत टाकताना तो त्याला आपटायचा नाही. हळू ठेवायचा. पोरं त्याला चिडवायची, पत्र्याला कुशीत घे म्हणायची.

धाकल्याला एकच मूल, ललिता. तिला त्याने रस्त्यापलीकडे खैरपाड्यात दिली. तेव्हा मध्ये रस्ता म्हणजे बैलगाडीची चाकोरी होती. ललिता स्वयंपाक करता करता हाक मारायची आणि तिची आई भागी इकडून ओ द्यायची. पुढे गोदामं आली, रस्ता चौपदरी झाला, भराव टाकून पुरुषभर उंच उचलला गेला. भरावाच्या काठाने पत्रा आला. उंबरपाड्याच्या अंगाला तो बसवला धाकल्यानेच, खलीलभाईंच्या टोळीबरोबर, तीन दिवसांत. पलीकडच्या अंगाला गोदामाचं फाटक होतं, तिथे पत्रा नव्हता. भराव ओलांडण्यासाठी खालून भुयारी रस्ता दिला होता, पण तो दीड किलोमीटर पुढे. म्हणजे एका हाकेवर असलेली लेक तीन किलोमीटर लांब गेली.

ललिता भुयाराने कशाला येते. दर रविवारी ती सरळ रस्ता ओलांडायची, मधला गुडघाभर दुभाजक चढून उतरायची, आणि बापाच्या पत्र्याशी आली की लुगडं खोचून त्याच्यावर टांग टाकायची. वर्षभर हे चाललं. मग तिला दिवस गेले. सातव्या महिन्यात एका रविवारी पत्र्यावरून उतरताना तिचा पाय सटकला. नडगीचं साल निघालं, दुसरं काही नाही. तरी भागीने पडवीत बसून तिच्या पायाला हळद लावताना नवऱ्याला सुनावलं.

"जगाला वाचवतंस म्हने. आन पोटच्या पोरीला कुंपण घातलंस."

धाकल्या चहा अर्धा ठेवून उठला, पाना घेतला, जावयाला हाक मारली.

एका पत्र्याला दोन्ही टोकांचे जोड. एका जोडाला आठ बोल्ट, दोन जोडांना सोळा. खांबांचे तीन वेगळे, ते तो मोजत नसे. उजेड होता तोवर दोघांनी पत्रा उतरवला, वाहून भरावाच्या पायथ्याशी नेला आणि तिथल्या गटारावर पुलासारखा आडवा टाकला, म्हणजे ललिताला उडी मारायला नको. वर चार पावलांची मोकळी जागा झाली, मध्ये एकटा खांब.

इथे दुसरा कुणी थांबला असता. धाकल्याला अर्धवट काम बघवत नसे. उघड्या पत्र्याची कड सुरीसारखी असते. पोटुशी बाई, तिचं लुगडं, उद्या तिचं रांगणारं पोर. आणि गाडीवालेही आहेतच. त्याच्याकडे घरी दोन मासे पडले होते. पत्र्याची ओळ जिथे संपते तिथे एक गोल वळवलेला तुकडा बसवतात, माशाच्या शेपटीसारखा दिसतो, म्हणून टोळीत त्याला मासा म्हणत. मासा लावला की पत्रा नीट संपला, असं टोळीतला प्रत्येक माणूस मानायचा. मालक मानायचे, बिलं काढणारेही मानायचे. धाकल्याने दोन्ही टोकांना एकेक मासा चढवला. बोल्टची डोकी रस्त्याकडे, नट मागे. शेवटी फडक्याने पुसला.

भागी खाली उभी होती. "दार केलं का काय रं?"

"दारच हाय," धाकल्या म्हणाला. त्याला त्या संध्याकाळी फार बरं वाटत होतं.

तीन रविवार ललिता त्या दारातून आली.

अकरा जानेवारीला सकाळी सातच्या सुमाराला खलीलभाईंचा फोन आला. "लवकर ये, अपघात आहे, तुझ्याच पाड्यावर." धाकल्या नारिंगी जाकीट चढवत भराव चढला. धुकं होतं. एक पांढरी गाडी मोकळ्या जागेच्या पुढच्या टोकाला थांबलेली होती, ठाण्याकडे तोंड करून, जणू तिथे लावून ठेवली होती. खरचटलेली सुद्धा नव्हती. फक्त येणाऱ्या गाड्यांच्या तोंडावरचा मासा तिच्या डाव्या दिव्यातून आत गेला होता आणि त्याच्यामागोमाग पत्रा गेला होता. चालकाच्या बाजूला काच शाबूत होती. चालवणारा पोरगा, पंचविशीचा, दुभाजकावर बसला होता. त्याच्या कपाळाला चिकटपट्टी लावण्याएवढंच लागलं होतं. त्याच्या शेजारच्या, डाव्या सीटवरच्या माणसाला पोलिसांनी चादर घातली होती. पट्टा त्याने लावला होता. समोरचा फुगाही उघडला होता. दोन्ही आपापलं काम करून लोंबत होते.

गाडी सोडवायची तर पत्रा कापायला हवा, आणि त्याआधी जोड खोलायला हवा. ते काम टोळीचंच. धाकल्याने पाना लावला. तीन आठवड्यांपूर्वीचे त्याचे स्वतःचे नट, अजून चकचकीत. एकही गंजला नव्हता. खलीलभाई बाजूला उभे राहून बघत होते, पान न चावता. गाडीतून ओढून काढलेला मासा त्यांनी स्वतःच्या हाताने गोणपाटात गुंडाळला आणि टेम्पोत सीटखाली सरकवला. पोलिसांना म्हणाले, "पत्रा चोरीला गेलेला दिसतो, साहेब. भंगारवाले." तसंच कागदावर आलं. संध्याकाळपर्यंत नवा पत्रा चढला. दार बंद झालं. गटारावरचा पत्रा जावयाने कधी उचलून नेला ते धाकल्याने विचारलं नाही.

गेलेला माणूस यहया, धामणकर नाक्यामागे कापडाचे आठ लूम चालवायचा. बायकोचा भाऊ कुवेतहून येणार होता, त्याला आणायला विमानतळावर निघाला होता. गाडी यहयाचा धाकटा भाऊ ओसामा चालवत होता. रात्रपाळीला लूमवर उभा राहून तो तसाच गाडीत बसला होता. त्याचा डोळा लागला. हे ओसामाने स्वतःच सगळ्यांना सांगितलं, आणि त्यामुळे पुढे कुणी काही विचारलं नाही.

मार्चमध्ये ललिता बाळंत झाली. मुलगा.

धाकल्याच्या घरात एक रीत होती. लेकीचं पहिलं मूल आधी आजोळी यायचं. आजा त्याला हातावर घेऊन घरातल्या भाताच्या कणगीला त्याची टाळू टेकवणार, चार दाणे त्याच्या मुठीत देणार. तोवर आजाने लेकीच्या अंगणात पाय ठेवायचा नाही. ललिताची टाळूही तिच्या आजाने अशीच टेकवली होती. सव्वा महिन्याने जावयाचा निरोप आला, रिक्षा करून भुयाराने येतो म्हणून. धाकल्या म्हणाला, "आताच नको."

मग पावसाळा झाला. "शेतं चिखलाची, आताच नको." मग दिवाळी. भागीने भांडून पाहिलं, रडून पाहिलं. ललिताने फोन केला.

"बाबा, पोर बसाया लागला."

"हां."

"दात आला त्याला. खालचा."

"हां."

"मी काय केलं तुमचं? तुम्हीच काढला पत्रा, तुम्हीच लावला. मी म्हटलं होतं का काढा?"

धाकल्याने फोन भागीच्या हातात दिला. त्याला सांगता येईना. ज्या हातांनी तो मासा आवळला त्या हातांवर पोर कसं घ्यायचं, एवढीच त्याची अडचण होती. भागीला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, हात धू.

पण रोज पाचला तो काम टाकून भरावावर यायचा. पलीकडे, ती आता कामाला जायची त्या गोदामाच्या फाटकाशी, ललिता शिफ्ट सुटून उभी असायची. सासू बाळ आणून द्यायची. ती बाळाला काखेत धरून वर उचलायची. मधून कंटेनर जायचे, एकामागून एक, आणि दोन कंटेनरांच्या फटीत धाकल्याला नातू दिसायचा: काळं डोकं, टोपडं, हलणारा एक हात. मग पुन्हा लोखंडाची भिंत. मग पुन्हा नातू, थोडा सरकलेला. अशा फटी जोडून त्याने ते पोर मोठं होताना पाहिलं. धाकल्या नारिंगी जाकिटातला हात वर करायचा. ललिता भागीला फोनवर म्हणाली, पोराला रंग कळतो; नारिंगी दिसला की उसळतो. परवा कुणा भलत्याच टोळीचा माणूस झाडू घेऊन आला तर त्याच्याकडेच झेपावला. भागीने हे हसत हसत सांगितलं. धाकल्या उठून बाहेर गेला आणि बराच वेळ हापशाचा दांडा धरून उभा राहिला.

यहयाची बायको जुबैदा पहिल्यांदा आली ती जूनमध्ये, विधवेने घरात काढायची इद्दत पुरी झाल्यावर. काळा बुरखा, तोंड उघडं, चाळिशीची बाई. शेअर रिक्षा पुढे गेली आणि ती पत्र्याशी येऊन उभी राहिली. धाकल्या जवळच खांबाला रंग देत होता. त्याने ओळखलं नाही. तिने पत्र्यावर हात ठेवला तेव्हा ओळखलं. लोक पत्र्याला असा हात लावत नाहीत.

"काका, तुम्ही इथे कामाला असता?"

"हो, भाभी."

"तेव्हा इथे पत्रा नव्हता म्हणतात."

"न्हवता."

"असता तर?"

धाकल्याने ब्रश डब्यात ठेवला. तिने पुन्हा विचारलं, आवाज न चढवता, बाजारात भाव विचारावा तसं. "असता तर ते वाचले असते का? मला कुणी सांगत नाही. डॉक्टर म्हणाले, नसीब. पोलीस म्हणाले, ड्रायव्हरची चूक. पोस्टमॉर्टमवाला म्हणाला, तकलीफ झाली नसेल. मी ते विचारलंच नव्हतं."

"ठावं न्हाय, भाभी."

पत्र्याबद्दलचं हे त्याचं पहिलं खोटं.

दर अकरा तारखेला ती येऊ लागली. कधी पाच मिनिटं थांबायची, कधी अर्धा तास. धाकल्या त्या दिवशी दुसरीकडे काम काढून बघायचा, पण पाय इकडेच यायचे. ती बोलायची. यहया झोपेत लूमचा ताल धरायचा, बोटांनी, तिच्या खांद्यावर. आता लूमचा आवाज आला की खांदा जागा होतो. एकदा म्हणाली, "ओसामा माझ्या हातावर मोठा झाला. मी आले तेव्हा नाक पुसता येत नव्हतं त्याला. जानेवारीपासून मी त्याच्याशी एक लफ्ज बोलले नाही. जेवण जाळीखाली झाकून ठेवते, तो येऊन खातो, ताट धुऊन ठेवतो. घर एकच आहे. तो झोपला आणि हे गेले, मी काय बोलू? पण पत्रा असता आणि तरी गेले असते, तर गोष्ट वेगळी. आणि पत्रा असता आणि वाचले असते, तर ती पण वेगळी, मग नुसत्या त्याच्या झोपेने ते गेले नाहीत. मला नुसतं कळायला पाहिजे, काका. तुम्हाला कधी काही कळलं तर घरी या. यहयाचं घर कुणीही दाखवेल."

धाकल्याने मान हलवली.

नोव्हेंबरच्या शेवटी विनिता मॅडम आल्या. रस्त्यांवरचे अपघात तपासून कुठे काय बदलायचं ते लिहून द्यायचं, हे त्यांचं काम. तिशीची मुलगी, पायात बूट, हातात मोजायचं चाक. त्या दिवशी त्यांच्या फोनमध्ये अकरा जानेवारीचे फोटो होते. टेम्पोच्या मागच्या फळीवर बसून टोळी चहा पीत होती, तिथेच त्या येऊन बसल्या.

"खलीलभाई, पत्रा चोरीला गेला असं लिहिलंय. मग हा मासा कुठून आला? चोर पत्रा नेताना मासा लावून जातात का?"

"मॅडम, भिवंडीचे चोर आहेत," खलीलभाई म्हणाले. "काम पूर्ण करूनच जातात."

पोरं खो खो हसली. मॅडमही हसल्या, पण नजर खलीलभाईंवरून काढली नाही. मग त्यांनी पिशवीतून स्टीलची फूटपट्टी काढली. आडवी धरून तळहाताने दाबली. पट्टी वाकली, हात घसरत पुढे गेला. मग टोक तळहाताला लावलं आणि दाबलं. लाल ठिपका उमटला. "कळलं? गाडी बाजूने लागली तर पत्रा वाकतो, तिला घासत घासत पुढे काढतो. टोकाला लागली तर तो वाकत नाही. भाला होतो." मग त्यांनी पट्टीच्या टोकावर पेनचं टोपण बसवलं आणि पुन्हा तळहाताला दाबलं. ठिपका पुन्हा उमटला, जरा मोठा. "हा तुमचा मासा. यानं कड झाकते, बाकी काही नाही. टोक जमिनीत उतरवायला हवं, किंवा रस्त्यापासून लांब वळवायला हवं, नाहीतर मार खाणारं वेगळं टोक बसवायला हवं. मासा लावून रस्ता सुरक्षित झाला असं सगळे समजतात. तुमचा एकट्यांचा दोष नाही."

धाकल्या टोळीत मॅडमांशी कधी बोलत नसे. त्या दिवशी बोलला.

"सलग पत्रा असता तर, बाई?"

मॅडमांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुम्हाला काय वाटतं?"

"गाडी तिरपी घासली असती. आरसा गेला असता. दार गेलं असतं." त्याने हवेत तळहात आडवा फिरवला. "पोट लांब आलं असतं पत्र्याला."

"आणि आत बसलेला?"

धाकल्या त्यांच्या तळहातावरच्या लाल ठिपक्याकडे बघत राहिला.

"खात्रीने कुणीच सांगू शकत नाही," मॅडम म्हणाल्या. "वेग साठ-सत्तरचा होता, पट्टा लावलेला होता. खांदा दुखावला असता, काच लागली असती. त्या सीटवर मला बसवलं असतं आणि निवड म्हटलं असतं, तर मी डोळे मिटून सलग पत्रा मागितला असता."

त्या गेल्यावर पोरं कामाला लागली. खलीलभाईंनी टेम्पोच्या सीटखालून गोणपाट ओढून काढलं आणि धाकल्याच्या पायांशी ठेवलं.

"शेट, तुम्हाला ठावं होतं?"

"एकोणीस वर्षं तुझे नट बघतोय. सगळे एका मापात आवळलेले. बाकीच्यांचे एक घट्ट, एक ढिला." खलीलभाईंनी पिंक टाकली. "मासा पुसून ठेवला होतास ना? चिखलाचा एक ठिपका नव्हता."

"मंग बोललात न्हाय?"

"काय बोलायचं? मासा टोळीच्या सामानातून मीच तुला दिलेला. आणि मीही आयुष्यभर तोच लावत आलोय." मग आवाज उतरवून म्हणाले, "ती बाई आमच्या मोहल्ल्यातली आहे, धाकल्या. मी तिच्या दारावरून जाताना खाली बघून जातो. तू जा असं मी सांगणार नाही. नको जाऊ असंही नाही. पोलीस आले तर मुकादम मी आहे, एवढं लक्षात ठेव."

त्या आठवड्यात पाचला धाकल्या भरावावर आला तेव्हा ललिताने पोराला उचललं नाही. जमिनीवर उभं केलं. दोन्ही हात धरून, फाटकाच्या आत, सिमेंटवर. पोर दोन पावलं टाकून बसलं. मध्ये कंटेनर गेला. तो गेल्यावर पोर पुन्हा उभं होतं.

शुक्रवारी सकाळी धाकल्याने पांढरा सदरा घातला. जाकीट खुंटीवरच राहिलं. भागीने ते पाहिलं.

"लगीन हाय का कुनाचं?"

तेव्हा त्याने तिला सांगितलं. सगळं नाही, दार आणि गाडी तिला माहीतच होती. मासा काय करतो ते सांगितलं, आणि बाई दर महिन्याला काय विचारते ते. भागी चुलीपाशी बसून राहिली. हात धू असं काही ती म्हणाली नाही.

"धरून नेतील तुला," ती म्हणाली.

"नेतील."

"आन पोराची टाळू?"

"सांजेपर्यंत आलो तर लेकीला फोन कर. भुयाराने ये म्हन. न्हाय आलो तर तूच टेकव."

"मी कशी टेकवू? आज्याने टेकवायची असते."

"मंग मी येस्तवर ऱ्हाऊ दे."

शुक्रवारी लूम बंद असतात. धामणकर नाक्यावर नेहमीसारखीच रिक्षांची रेटारेटी होती, पण गल्लीत शिरल्यावर धाकल्याला कान बसल्यासारखं झालं. इतकी शांत गल्ली त्याने भिवंडीत पाहिली नव्हती. यहयाचं घर एका म्हाताऱ्याने दाखवलं. खाली लूमचं शेड, वर दोन खोल्या. जिन्याशी ओसामा बादलीत सायकलची साखळी धूत होता. त्याने धाकल्याला ओळखलं नाही. जाकीट असतं तर ओळखलं असतं.

जुबैदाने ओळखलं. खुर्ची दिली, पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर धाकल्याने गोणपाट उलगडलं आणि मासा फरशीवर ठेवला. एका बाजूने तो चेपला होता, बाकी गोल शाबूत. मग तो ते वाक्य बोलला, ज्याने ही गोष्ट सुरू झाली. ते पुरेसं नाही हे त्याला बोलता बोलताच कळलं, म्हणून त्याने पुढचंही सांगितलं: लेकीचा सातवा महिना, गटारावरचा पत्रा, तीन रविवार. मासा लावला की भागलं असं वाटलं. ते चूक होतं.

"पत्रा असता तर," तो म्हणाला, "वाचले असते, भाभी. खांदा गेला असता. दार गेलं असतं. मी पत्रा वाचतो. जूनमध्ये तुम्ही विचारलंत तेव्हाच मला ठावं होतं."

जुबैदा उभी होती, ती भिंतीला टेकली. डोळे कोरडे. तिने खाली वाकून माशावर बोट फिरवलं, चेपलेल्या बाजूवरून, सावकाश. एका जागी बोट थांबलं.

"पोरगी कशी आहे तुमची?"

"बरी हाय. पोरगा झाला. अजून घरी..."

"बस," जुबैदा म्हणाली. "तिचं विचारलं मी. पोराचं नका सांगू मला."

धाकल्याने रिकामा पेला खुर्चीखाली ठेवला.

"मी सहा महिने तुमच्याशी बोलले, काका. सख्ख्या भावाशी बोलले नाही एवढं." तिचा आवाज एकदाच फाटला, मग तिने तो गोळा केला. "पोलिसात जायचं की नाही ते मी ठरवीन. तुम्ही पळू नका आणि माफी मागायला येऊ नका. माझ्याकडे नाही ती अजून. कधी होईल ते माहीत नाही."

"न्हाय येनार."

"हे इथेच राहू दे." तिने माशाकडे बोट दाखवलं.

मग ती खिडकीशी गेली. खाली बादलीत साखळी वाजत होती. ती खिडकीच्या गजांना धरून उभी राहिली, इतका वेळ की धाकल्याला वाटलं ती त्याला विसरली. मग तिने खाली हाक मारली.

"ओसामा."

साखळीचा आवाज थांबला.

"वर ये. चाय ठेवते." आणि थोडं थांबून, जणू शब्द जुना होऊन गंजलाय का ते बघत, "हात धू आधी."

जिन्यावर पावलं वाजली, दोन पायऱ्या, मग थांबली, मग पुन्हा वाजली. तो पोरगा दाराशी येऊन उभा राहिला, कोपरापर्यंत काळे ओले हात अंगापासून लांब धरून, आणि आत यावं की नाही ते त्याला कळेना. जुबैदा त्याच्याकडे बघत होती. त्या खोलीत आता धाकल्याचं काही काम नव्हतं. तो खुर्चीवरून उठला, रिकामं गोणपाट घडी करून काखेत घेतलं, दाराशी ओसामाला वाट दिली, चपला पायांत सरकवल्या आणि जिना उतरून गेला.